फ्यूजच्या जागी बल्ब

फोन आला तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात होते. फरीदाबादहून मीनाताईंच्या यजमानांचा फोन, तोही भर कामाच्या वेळी... मी बाहेर जाऊन उचलला. "मुक्ता, मीना गेली गं. चहा करता करता खाली बसली, ती उठलीच नाही," एवढंच ते बोलू शकले. मीनाताई माझी मोठी नणंद. आता काही आठवडे उलटलेत, पण त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकते. आता आपल्या घरावर लक्ष कोण ठेवणार?

कारण ताई पक्क्या घाबरट. बाहेर पडताना गॅस बंद आहे ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायच्या. हॉटेलात गेल्या की आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधायच्या. माझा नवरा संजय, त्यांचा धाकटा भाऊ, त्यावरून त्यांना यथेच्छ चिडवायचा. गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची उभी हयात तपासणी करण्यात गेली होती. "जळून परत आलेल्या वायरी तू बघितल्यास ना, तर तूही जिना दोनदा चढशील," असं म्हणून त्या संजयच्या पाठीत धपाटा घालायच्या.

आमच्या इराला दमा आहे. थंडीत इथली हवा बिघडली की काचा बंद करून, एसी लावून तिला शाळेत न्यायचं, दुसरा इलाज नाही. मागे एका थंडीत नेमका तो एसी मधेच बंद पडायला लागला. फ्यूज उडायचा, नवा घातला की काही दिवस चालायचा, पुन्हा उडायचा. कधी जळक्या रबराचा वास यायचा आणि नीट हुंगेपर्यंत जायचा. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि "मैडम, कोई प्रॉब्लम नहीं है" म्हणून परत केली. एसी बंद ठेवला की इराची छाती घरघरायची. लावला की मी आरशातून तिच्याकडेच बघत बसायचे. पट्ट्यात अडकवलेली एवढीशी पोर, तिला ते बक्कल तरी उघडता येईल का... शेवटी सोसायटीबाहेरच्या इलेक्ट्रिशियनने मोठा फ्यूज घालून दिला. "अब नहीं उड़ेगा!" आणि खरंच उडेना. आम्ही खूश.

रविवारी ताईंकडे जेवायला गेलो. संजयने हा पराक्रम मोठ्या कौतुकाने सांगितला. ताईंनी आमटीची पळी खाली ठेवली. चेहरा पांढराफटक.

"संजू, फ्यूज उडत होता म्हणून पोरगी सुखरूप होती रे! आता तो उडणार नाही. आता वायर पेटेल."

मी ताट बाजूला सारलं. याच गाडीतून आम्ही इराला घेऊन आलो होतो.

इराला ताईंच्या यजमानांपाशी ठेवून आम्ही तिघं खाली उतरलो. ताईंनी तो फ्यूज उपटला, त्याच्या जागी लांब वायरींनी हेडलाइटचा बल्ब जोडला आणि बल्ब हातात धरून पुढच्या सीटवर बसल्या. "एसीचा कॉम्प्रेसर सोडवून ठेवलाय. आता त्याची वायर कुठे लोखंडाला टेकली, तरच हा पेटेल. चल, संजू." आख्ख्या सेक्टरातले स्पीडब्रेकर झाले, खड्डे झाले, करकचून ब्रेक मारून झाले. बल्ब आपला थंड. संजय म्हणाला, "छोड ना ताई, काही नाहीये." मीही मनातून तेच म्हणत होते, आणि तसं म्हणायचीही भीती वाटत होती. ताईंनी एवढंच विचारलं, "रोज गाडी कुठे लावता?" बेसमेंटमध्ये. मग जवळच्या मॉलच्या बेसमेंटचा उतार गाठला. उतारावर वळलो मात्र, बल्ब भक्कन पेटला.

सगळ्यांत मोठ्याने किंचाळल्या त्या ताईच. "थांब! हलवू नकोस!"

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. "बजाओ, जितना बजाना है!" असं ओरडत त्यांनी बॉनेट उघडलं. क्लिपमधून निसटलेली एक वायर उतारावर इंजिन कललं की लोखंडी पट्टीला घासत होती. वरचं आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं. ताईंनी बोटाने ती जरा बाजूला केली, बल्ब विझला. सोडली, पेटला.

त्यांनी वायर दुरुस्त करून दूर बांधली, योग्य फ्यूज घातला आणि तोच उतार संजयला पुन्हा पुन्हा उतरायला लावला. घरी आल्यावर इराला स्वतः सीटवर बसवून पट्टा लावला आणि म्हणाल्या, "आता ने." एवढ्या भित्र्या बाईने 'ने' म्हटलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गेल्या आठवड्यात इराला शाळेत नेताना पुन्हा जळका वास आला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. वायर जागच्या जागी, ताईंनी गुंडाळलेली टेप शाबूत. पलीकडे कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता, वास त्याचाच असणार. "आई, चलो ना, लेट होतंय," इरा आतून म्हणाली. मी "हो, निघू या" म्हणाले. पण तिला त्या गाडीतून पुढे न्यायला माझं मन धजेना. मग तिला उतरवलं, मास्क लावला आणि त्या धुरातून तिचा हात धरून मेट्रोकडे चालू लागले. ती वाटेत दोनदा खोकली.