टाकीवरचा हात

माझ्या आईचं तिच्या धाकट्या भावाबद्दलचं मत एका वाक्यात मावायचं, आणि ते तिने सोळा वर्षं बदललं नाही.

"आम्ही वर धुरात, आणि हा खाली गाडीला टेकून उभा."

हे वाक्य ती कुठेही काढायची. मामा जेवायला आला आणि भिंतीला पाठ लावून बसला, की काढायची. आज जरा दमलोय असं तो फोनवर म्हणाला, की काढायची. मामा हसायचा, ताटातलं संपवायचा आणि निघताना माझ्या कपाळावर तळहात ठेवायचा. ताप असो वा नसो, आधी कपाळ बघायचं आणि मग कशी आहेस विचारायचं, ही त्याची जुनी सवय. त्याच्या कामावरचे लोक त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. ते नाव ह्याच सवयीमुळे पडलं असणार, असं आम्ही घरातले सगळे धरून चाललो होतो.

मामा अग्निशमन केंद्रात पंपवाला होता. आग विझवणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिडीवर चढणारा, धुरातून मूल खांद्यावर घेऊन बाहेर येणारा माणूस येतो. मामा त्यातला नव्हता. तो बंब चालवत न्यायचा, आगीपासून बेताच्या अंतरावर उभा करायचा, आणि तिथून पुढे त्याचं सगळं काम त्या गाडीच्या कुशीला. टाकीतलं पाणी पंपातून नळीत सोडायचं, दाब सांभाळायचा, काट्यांवर डोळा ठेवायचा. एकतीस वर्षांत किती आगी विझवल्यास असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, एकही नाही, मी फक्त पाणी पाठवलं.

त्याच्या कामाचा पहिला नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. पंपवाल्याने पंप सोडायचा नाही. आभाळ कोसळो, नाहीतर ओळखीचं माणूस हाका मारो. का, तर नळीच्या त्या टोकाला एक माणूस आत गेलेला असतो आणि त्याचा जीव ह्या टोकाला असतो. आईलाही हा नियम माहीत होता. पण नियम माहीत असणं वेगळं आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीतून तो पाळला जाताना बघणं वेगळं.

त्या दिवशी मी तापाने घरी होते. नऊ वर्षांची. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाद्या आणि सोफे बनवणारा एक कारखाना होता. दुपारी जेवणं आटोपल्यावर तिथल्या फोमने पेट घेतला. फोम जळतो तेव्हा आगीपेक्षा धूर जास्त. आईने दार उघडलं तेव्हा जिना दिसतच नव्हता, त्या जागी नुसता काळा कापूस होता. तिने दार लावलं, दोन टॉवेल ओले करून फटीत कोंबले आणि मला खिडकीशी आणून बसवलं. टॉवेलची युक्ती मामाची. एकदा जेवता जेवता त्याने सांगितली होती, आणि आई तेव्हा म्हणाली होती, घास तोंडात असताना तरी आग लावू नकोस.

आमची गल्ली इतकी अरुंद की शिडीची मोठी गाडी तोंडाशीच अडली. आत आला तो जुना, ठेंगणा बंब. त्यातून पाच-सहा जण उतरले आणि नळी ओढत जिन्याकडे पळाले. चालकाच्या दारातून मामा उतरला. आईने त्याला हाक मारली. तशी हाक मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. मामाने वर बघितलं. एकदाच. आणि पाठ फिरवली.

त्यानंतर आम्ही खिडकीत होतो तेवढा सगळा वेळ तो तसाच उभा होता. एक हात वर करून गाडीला लावलेला, मान खाली. कोपऱ्यावरच्या दुकानाशी गप्पा मारायला थांबलेला माणूस उभा राहतो तसा.

मग दार वाजलं. मुखवटे लावलेले दोघे आत आले, एकाने मला पोटाशी धरलं, दुसऱ्याने आईचा दंड. त्या जिन्यातलं मला एवढंच आठवतं की पहिल्या मजल्यावर एक माणूस गुडघे टेकून बसला होता आणि कारखान्याच्या दाराकडे पाणी मारत होता. पाण्याचा नुसता पडदा. त्या पडद्याच्या पलीकडे नारिंगी, अलीकडे आम्ही. अंगावर कोमट पाऊस पडावा तसं झालं आणि आम्ही रस्त्यावर होतो.

आई मला कुणाच्या तरी हातात देऊन तरातरा मामाकडे गेली. तो अजून तिथेच, हात अजून तसाच. ती समोर उभी राहिली, अंगभर काजळी, पायात चप्पल नाही. मामाने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"ताई, बाजूला हो. नळीवर उभी आहेस."

बस. मरणाच्या तोंडातून बाहेर पडलेल्या माणसाला सख्ख्या भावाने म्हटलेली ही पहिली गोष्ट. आई बाजूला झाली, ती सोळा वर्षं बाजूलाच राहिली. बोलणं तुटलं नाही, जाणं-येणं तुटलं नाही. पण आजारपणात ती त्याला कळवायची नाही, आणि त्याने काही आणून दिलं तर म्हणायची, ठेव तिथे. मामानेही कधी ओठ उघडले नाहीत. मला वाटायचं, ह्या माणसाला बाजू मांडता येत नाही. तसं नव्हतं, हे गेल्या महिन्यात कळलं.

गेल्या महिन्यात मामा निवृत्त झाला. योगायोग असा की त्याचा तो बंबही त्याच दिवशी कामावरून उतरला. नवी गाडी आली होती, टाकीत पाणी किती ते हिरव्या-लाल दिव्यांनी दाखवणारी. केंद्रात छोटासा निरोप होता, घरच्यांना बोलावलं होतं. आई म्हणाली, मी येऊन काय करू, तिथेही तो टेकूनच उभा राहणार. मी तिची चप्पल काढून दारात ठेवली. ती आली.

चहा झाला, साहेबांची चार वाक्यं झाली, मामाने उत्तरादाखल सांगितलं की मला भाषण येत नाही, आणि ते सगळ्यांना पटलं. मग एक जाडजूड मिशांचा फायरमन आमच्याकडे आला. नळी धरून आत जाणारा, मामाचा जन्माचा जोडीदार.

"ताई, तुम्ही चौथा मजला ना?"

माणसं त्याला मजल्यांवरून आठवत होती. आई म्हणाली, हो. तो म्हणाला, मी पहिला मजला, दाराशी बसलो होतो तो मी. तुम्ही माझ्या मागून गेलात, मी वळून बघितलं नाही, राग मानू नका, मला तेव्हा मान वळवायची सोय नव्हती. आई हसली. हसता हसताच तिने सवयीने आपलं वाक्य काढलं. तुम्ही आत होतात हो, आणि आमचा हा खाली गाडीला टेकून उभा.

मिशीवाला हसायचा थांबला.

"टेकून नव्हता उभा. टाकी बघत होता."

मग त्याने आम्हाला अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या जुन्या बंबापाशी नेलं आणि समजावून सांगितलं. जुनी गाडी, टाकीचा पत्रा उघडा. उन्हात पत्रा तापतो, पण पाणी जिथवर असतं तिथवर गार राहतो. हात वरून खाली आणत गेलं की एका जागी गारवा सुरू होतो. ती पाण्याची रेघ. डॉक्टर पाळीवर आला की आधी टाकीवर हात फिरवायचा आणि मग काट्याकडे बघायचा, दोघांचं जुळतंय का ते. रोज. आम्ही विचारायचो, काय डॉक्टर, पेशंटला ताप आहे का? तर म्हणायचा, काट्याला बायको-मुलं नाहीत, तो खोटं बोलला तर त्याचं काय जातंय. डॉक्टर हे नाव त्यावरूनच पडलं.

म्हणजे माझं कपाळ नंतर आलं होतं. टाकी आधी.

मिशीवाला पुढे सांगत होता. पंपवाल्याचा आणखी एक नियम असतो. टाकी पाव उरली की लांब भोंगा द्यायचा. तो ऐकला की आत असतील तेवढ्यांनी हातातलं टाकून बाहेर यायचं, कारण पाणी संपल्यावर आतला माणूस म्हणजे सरपण. त्या दिवशी रस्त्यावरच्या नळाचं झाकण गंजून बसलेलं, निघता निघेना. पाण्याचा दुसरा बंब चौकात अडकलेला. आणि आम्हाला आत जाऊन पाच मिनिटं होतायत न होतायत तोच ह्याचा काटा धाडकन पावाच्या खाली. साहेब शेजारीच उभे. म्हणाले, भोंगा दे. भोंगा दिला असता तर मी दार सोडून खाली आलो असतो, मागोमाग जिना पेटला असता आणि वरचे वर राहिले असते.

आई मामाकडे वळली. तो मागे येऊन उभा होता, हातात निरोपाचं पाकीट, ते कुठे ठेवावं हे न कळलेला.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय. हात लावला. पाणी होतं."

"आणि साहेब?"

"त्यांना म्हटलं, तुम्हीच हात लावून बघा. त्यांनी लावला. मग त्यांनी परत भोंग्याचं नाव काढलं नाही." जरा थांबून तो म्हणाला, "मी दाब थोडा उतरवला, पाणी पुरावं म्हणून. दुसऱ्या दिवशी काटा उघडला, तर त्याला हलवणारा टाकीतला तरंगता गोळा भोक पडून बुडालेला."

मिशीवाला म्हणाला, धार बारीक झाली ते मला आत कळलं होतं. पण तुटली नाही. मी म्हटलं, डॉक्टरने नाडी धरलेली दिसतेय.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. ती चिडली होती, आणि कुणावर चिडावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"सोळा वर्षं मूग गिळून बसलास. हे सांगायला काय झालं होतं तुला?"

मामाने पाकीट खिशात घातलं. मग परत काढलं.

"कारण अर्धंच सांगता आलं नसतं. ताई, हात लावायच्या आधी माझा दुसरा हात भोंग्यावर होता. तुला खिडकीत बघितलं होतं. तरीही होता. पत्रा गार लागला नसता, तर मी भोंगा दिला असता."

"आम्ही वर असताना?"

"तुम्ही वर असताना."

अंगणात कुणीतरी नळी गुंडाळत होतं, तिच्या पितळी टोकाचा फरशीवर घासत जाणारा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि पुढची सोळा वर्षं तेच ऐकावं लागेल. आईने मिशीवाल्याकडे बघितलं. त्याचे उजव्या कानामागचे भाजल्याचे जुने डाग, त्याची पांढरी झालेली मिशी, सगळं निवांत बघितलं.

"ह्यांनाही घर होतंच ना," ती म्हणाली. "पत्रा गार नसता, तर द्यायलाच हवा होतास."

मग पदर खोचून ती टाकीजवळ गेली.

"त्या दिवशी कुठे होती ती रेघ?"

बंब दुपारपर्यंत कामावर होता, टाकी भरलेली होती. मामाने तिचा हात मनगटाशी धरला आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर पत्र्याला लावला.

"साहेब भोंगा दे म्हणाले तेव्हा इथे."

"आणि आम्ही खाली आलो तेव्हा?"

मामा तिचा हात खाली आणत गेला. छातीपाशी आला, थांबला नाही. पोटाशी आला, थांबला नाही. तिच्या कमरेशी टाकीचा पत्रा संपतो, तिथे जाड शिवण आहे. त्या शिवणीच्या वर दोन बोटं त्याने तो हात थांबवला.

"इथे."

आईने हात तसाच ठेवला. मामाने त्याचा काढून घेतला तरी. एक हात गाडीला लावलेला, मान खाली. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई टेकून उभी आहे.

"दोन बोटं," ती म्हणाली. "आणि त्यात मी नळीवर उभी."

"हो."

"मग ढकलायचं नाही का मला?"

मामा म्हणाला, मोठी बहीण आहेस, हिंमत झाली नाही. मिशीवाला एवढ्या जोरात हसला की साहेब चहा घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी मामा आमच्याकडे जेवायला आला. बारा वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं, तेव्हापासून त्याची जागा ठरलेली आहे, खिडकीखालच्या भिंतीशी. तो बसला, पाठ मागे गेली, आणि लगेच सावरून ताठ झाला, आईचं वाक्य हाडात भिनलेलं असावं तसा. मीही घास हातात धरून थांबले होते.

आई आतून उशी घेऊन आली आणि तिने ती त्याच्या पाठीमागे कोंबली.

"नीट टेकून बस," ती म्हणाली, आणि त्याला वाढायला लागली.

निघताना मामाने नेहमीसारखा माझ्या कपाळावर तळहात ठेवला. पंचवीस वर्षांची झाले मी. आजवर त्या हाताखालून मान काढून घ्यायचे, केस विस्कटतात म्हणून. त्या दिवशी नाही काढली. त्याला हवं तेवढं बघू दिलं.