मुंगीचा डावा डोळा

तीन दिवस ऊन नव्हतं. ढग इतके खाली आले होते की गच्चीवरच्या दोऱ्यांना टेकतील, आणि दोऱ्यांवरचे शर्ट भिजलेल्या मांजरासारखे लोंबत होते. अशा हवेत इस्त्रीचं काम दुप्पट होतं. आधी कपड्याचा दमटपणा मारायचा, मग घडी बसवायची. कडकबाई उजाडल्यापासून टेबलाशी उभी होती. कॉलर आधी, मग खांदा, मग बाह्या, शेवटी पाठ. वीस वर्षांत हा क्रम तिने मोडला नव्हता. कडकबाई हे नाव तिला गल्लीने दिलेलं, इस्त्रीवरून म्हणा नाहीतर जिभेवरून म्हणा.

त्या सकाळी मात्र तिने पाठ आधी केली आणि कॉलर तशीच चुरगळलेली राहिली. कारण तिची सहा वर्षांची पोर होती.

पोरीला सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हाच तिच्या डाव्या बुबुळाच्या कडेला, खालच्या अंगाला, फिकट पिवळी गाठ होती, मोहरीएवढी. पुढे तिच्यावर दोन बारीक केस उगवले. ते टोचायचे, डोळा पाझरायचा. मतं द्यायला माणसांची कमी नव्हती. सासू म्हणाली, जन्मखूण आहे, जाईल आपोआप. शेजारीण म्हणाली, भाग्याची असते हो, हात नका लावू. गल्लीतल्या दवाखान्याने थेंब दिले आणि सांगितलं, मोठी झाली की बघू. मोठी झाली की! डोळा म्हणजे काय वाढत्या अंगाचा शाळेचा कोट, की पुढच्या वर्षी बेताचा बसेल?

शेवटी शाळेतल्या बाईंना दिसलं, की ही फळ्याकडे मान वाकडी करून बघते. आदल्या दिवशी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुंगीचा उजवा डोळा झाकला आणि समोरचं सगळ्यांत मोठं अक्षर विचारलं. मुंगी हसली. "काकू, तिथे काही नाहीच आहे!"

कडकबाईने वळून तक्त्याकडे बघितलं; अक्षर हातभर होतं.

"याला डर्मॉइड म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईच्या पोटात असताना कातडीचा कण चुकून बुबुळाच्या कडेला रुजतो. म्हणून तर केस येतात. कॅन्सरबिन्सर काही नाही. पण गाठीने बुबुळाची गोलाई बिघडते, समोरचं वेडंवाकडं दिसतं. मग मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडतो. चष्मा केव्हाच लागायला हवा होता. गाठ वाढतेय का?"

"काय सांगू हो? रोज समोर असलेलं वाढलेलं कुठे कळतं?"

"मग जुने फोटो आणा, दर वर्षीचा एक. वाढत असेल तर काढायला थांबायचं नाही. नसेल तर आधी चष्मा आणि पट्टी, बाकी नंतर."

फोटोंना काय तोटा! कडकबाईचा धाकटा भाऊ फोटोवाला होता, आणि दर वाढदिवसाला मामा भाचीचा फोटो काढायचाच. आता चुरगळलेली कॉलर टाकून ती आत गेली, भिंतीवरचे सहाही फोटो उतरवले आणि खाटेवर मांडले. सहाही फोटोंत डावा डोळा धुतलेल्या काचेसारखा. गाठच नाही!

इस्त्रीची वायर उपटून ती तशीच स्टुडिओत गेली.

"ये ताई, बस."

"बसायला नाही आले. माझ्या पोरीचा डोळा कुठे टाकलास?"

भावाला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा गडी खुलला. "ओळखू येत नाही ना? अगं, दोन-दोन तास जायचे! उजवा डोळा उचलायचा, उलटा करायचा आणि डावीकडे बसवायचा. चमकसुद्धा जुळवून दिलीय."

"हात जळो तुझे! डॉक्टर मागतायत तो डोळा. पुसायच्या आधीचे फोटो काढ."

त्याचा चेहरा उतरला. "ते कोण ठेवतं ताई? जागा भरते."

"कुणी सांगितलं होतं रे तुला हे शहाणपण?"

तो खाली बघत म्हणाला, "तूच. पहिल्या वाढदिवसाला. 'तेवढं जरा नीट कर रे, लोक उगाच विचारतात.'"

कडकबाई स्टुलावर बसली. खरंच म्हणाली होती. लोक विचारू नयेत म्हणून इतकी वर्षं भिंतीवर पोरीचा खोटा डोळा टांगला, आणि खरा डोळा आंधळा होत होता, तिच्याच घरात, तिच्याच मांडीवर. संताप गिळायलाही जागा उरली नाही. अर्धा तर स्वतःवरच होता.

"थांब, थांब," भाऊ एकदम उठला. "उजेडाचे असतील!"

दिवे लावले की खरा फोटो काढण्याआधी तो एक-दोन नुसतेच काढायचा, उजेड बरोबर पडतोय का बघायला. ते कुणाला द्यायचे नसत, म्हणून त्यांना हातही लावलेला नसे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये शोधता शोधता सहापैकी चार वर्षांचे सापडले. कुठे जांभई देणारी मुंगी, कुठे नाकात बोट घातलेली. पण डोळा खरा. त्याने चारही ओळीने लावले. मोहरी, मग ज्वारीचा दाणा, मग त्याहून मोठा. शेवटच्यात गाठ काळ्यावर चढून बाहुलीकडे निघालेली.

भावाने चारही छापून दिले, आणि ती तशीच मोठ्या दवाखान्यात निघाली.

दहाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. गाठ तासून काढली, वर बाळंतपणात पडणाऱ्या वारेच्या पातळ पडद्याचं ठिगळ लावलं. जागेवर पुसट डाग राहील आणि खरं काम पुढेच आहे, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. चष्मा आला, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पहिल्या आठवड्यात पोर टेबलाला धडकली, रडली, पट्टी फाडून टाकली. कडकबाईने दुसरी लावली.

"गेलं हो भाग्य!" शेजारीण हळहळली.

"दवाखान्यात बाटलीत ठेवलंय तुमचं भाग्य. जा, घेऊन या."

तीन महिन्यांनी उजव्या डोळ्यावर पट्टी असताना मुंगीने तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर वाचलं. मग त्याखालची ओळ, एक चूक करून. कडकबाईला तिथेच डॉक्टरीणबाईंचे पाय धरावेसे वाटले, आणि गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ते थेंब परत करावेसेही.

सातव्या वाढदिवसाला भाऊ इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, या वर्षीचा फोटो?"

"काढ की. चष्म्यासकट, डागासकट. बोट लावलंस तर..." तिने इस्त्री उचलून दाखवली.

"नाही गं बाई!" म्हणत तो दोन पावलं मागे सरला.

तिने बोटाने पाणी शिंपडलं, इस्त्रीचा चर्र आवाज ऐकला आणि मुंगीचा शाळेचा शर्ट ओढून घेतला. कॉलर आधी.