आपल्या भाषेतली विचारपूस

परप्रांतातल्या या शहरात, आबिड्समधल्या आमच्या ऑफिसात, मराठी माणसं दोनच. मी नांदेडची, माझे साहेब पुण्याचे. त्यांचे हुकूम मात्र नेहमी इंग्रजीत यायचे.

मग ताणाखाली असलेला कर्मचारी कसा ओळखावा, कसा सावरावा, याचं प्रशिक्षण सगळ्या साहेबलोकांना मिळालं. दुसऱ्याच दिवशी माझे साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "काय गं, हल्ली गप्प गप्प असतेस. घरी सगळं ठीक ना?"

दुसरा कुणी साहेब असता तर "सब ठीक है सर" म्हणून मी मोकळी झाले असते. पण या शहरातल्या ऑफिसात मला "काय गं" कोण म्हणणार? मी विरघळले. आईचं आजारपण, उडालेली झोप, बाथरूममध्ये जाऊन रडणं, सगळं ओकून टाकलं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते सगळं इंग्रजीत, अहवाल वाचल्यासारखं सांगितलं. हिला जपा, म्हणाले, आणि माझं चांगलं काम काढून दुसरीला दिलं. तेव्हापासून मी दिसले की लोक आवाज बारीक करतात. चहाला जाताना मला हाक मारत नाहीत.

परवा साहेबांनी पुन्हा खुर्ची ओढली. "काय गं, हल्ली एकटीच चहा पितेस?"

"सब ठीक है सर," मी हसून म्हणाले.

त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये माझ्याकडे हात करून त्यांनी सांगितलं, प्रशिक्षणाचा फायदा होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.