यमुनाबाईंची बारशी

मूर्खपणा कबूल करायचाच तर लहानसा कशाला करू? चांगला धट्टाकट्टाच करते. तरुणपणी मी एका जित्याजागत्या बाईची दोन बारशी केली आणि त्यापायी तिची हक्काची खोली घालवली.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पिंपरीच्या पुढे रेडिओच्या एका कारखान्यात मी कामगार भरतीच्या टेबलावर टायपिस्ट होते. डोळ्यांवर गॉगल, पायात उंच टाचा आणि डोक्यात एकच भ्रम, की या राज्याची प्रगती माझ्या टाइपरायटरमधून बाहेर पडते. नातवंडं हे ऐकून हसतात. मलाही हसू आलं असतं, त्याआधी किळस आली नसती तर.

यमुनाबाई आमच्या सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा डाखायच्या, लाइनवर होत्या. मावळातल्या; कंपनीच्या पांढऱ्या कोटाखाली नऊवारीचा काष्टा. प्रत्येक जोड त्या उजेडाकडे तिरका धरत. चकाकला तर म्हणत, "हसला बघा." मळकट दिसला तर, "ह्यो रडतोय. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मुका व्हईल." तपासणीचं यंत्र नंतर तेच सांगे. कारखाना उभा होता ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. कँटीनमध्ये हात धुताना एकदा म्हणाल्या, "हितं आमचा भुईमूग व्हता. आता तुमचं खरकटं हाय."

जमिनीबरोबर घरही गेलं होतं. दोन मुली घेऊन त्या दिराच्या पडवीत राहत. कायम झालेल्या कामगाराला वसाहतीत खोली मिळे, तेवढ्यावर त्यांचा डोळा. "लई मोठी नगं, ताई. आतनं कडी लावता यावी, बास."

कायम व्हायला ठरावीक दिवस सलग भरावे लागत. ते भरत आले, की आमचे भरतीचे साहेब हंगामी बायकांना 'ब्रेक' देत, म्हणजे घरी बसवत; मग मोजणी पुन्हा एकपासून. यमुनाबाईंचा हात मात्र त्यांना सोडवेना. ते मला म्हणाले, "दुसऱ्या नावाचा पास काढा. तिची मजुरी बुडत नाही, आपली लाइन थांबत नाही." मला साहेब देवमाणूस वाटले! बारशाला आत्या नाव ठेवते ना, तशी मी कारखान्याची आत्या झाले.

"सुनीता ठेवू या?" मी विचारलं.

"आवं, मी यमुना हाय की."

"नुसतं कागदावर हो. किती फॅशनचं आहे!"

"तुमी शिकलेल्या. तुमी म्हंता तर असंल," म्हणत त्यांनी अंगठा दिला. पुढच्या ब्रेकला मी त्यांची वासंती केली.

मग कारखाना बघायला सरकारी पाहुणे येणार असं ठरलं. नव्या तंत्रज्ञानाने राज्यातल्या किती हातांना काम दिलं, याचा तक्ता माझ्याकडे आला. पासांच्या स्थळप्रतींच्या गठ्ठ्यावरून मी नावं उतरवली. यमुना, सुनीता, वासंती, तिघी वेगवेगळ्या. अशा आणखीही कितीतरी. टाइप करताना मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तक्ता लांब होत होता, आणि लांब तक्ता फार देखणा दिसतो.

सोल्डरिंगच्या राळेचा धूर पाहुण्यांना झोंबू नये म्हणून हॉलभर गुलाबाचं अत्तर शिंपडलं होतं. धूर आणि गुलाबाचा तो एकत्र वास आठवतो म्हणून आजही मी गुलाबाचं अत्तर घरात येऊ देत नाही. पाहुणे तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, "केवढ्या भगिनींना रोजगार!" टाळ्या पडल्या. मला पुष्पगुच्छ मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत यमुनाबाईही होत्या. त्यांना वाटलं, ताईंचं काहीतरी चांगलं झालं.

पुढच्याच आठवड्यात त्या तिन्ही पास फडक्यात बांधून साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, दिस भरलं. येक खाडा न्हाई. आता खोली द्या."

साहेबांनी पास पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. "या तर तीन बायका आहेत. एकीचेही दिवस भरत नाहीत."

"तिन्ही मीच हाय. इचारा ताईंना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, सावकाश, गोड हसत. मी टाइपरायटरची रिबन बदलायला घेतली. रिबन नवीकोरी होती.

"यांना चौथं नाव द्या," साहेब मला म्हणाले.

"नगं, ऱ्हाऊ द्या," म्हणून यमुनाबाईंनी कोट काढला, घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या गेल्या. साहेबांची तर शिसारी आलीच, पण त्याहून जास्त आली माझ्याच शाईने बरबटलेल्या बोटांची.

रविवारी मी उंच टाचा चिखलात रुतवत त्या पडवीत पोचले. यमुनाबाई राखेने भांडी घासत होत्या. मी माफी मागितली, रडलेही, आणि चांगली मोठ्याने. रडण्याबद्दलही मला पुष्पगुच्छ हवा असावा. हात विसळून त्यांनी मला पाणी दिलं. माझा चेहरा जरा उजेडाकडे वळवून पाहिला, जोड पाहायच्या तसाच. मग पुन्हा भांड्यांपुढे बसत म्हणाल्या,

"रडू नगा, ताई. तुमच्या तक्त्यावर त्या दोघी हायेत न्हवं, सुनीता आन् वासंती? त्यास्नी सांच्याला हिकडं लावून द्या. भांडी लई पडल्यात, आन् मी येकटीच हाय."