शेठच्या ओसरीवरची सरपंच निवड

तुम्ही आज महामार्गाने अहमदाबादला जाताना तलासरीला चहापुरते थांबता. मी पहिल्यांदा गेले ती साठच्या दशकात, ग्रामपंचायत बघायला! माझी मैत्रीण सुमती तिकडच्या एका गावात शिक्षिका होती. मुंबईला आली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे पाड्यावरची माणसं निवडून आलीयेत. पंचायतीत तीच जास्त. आता सरपंच निवडायचाय, चल." मी लगेच पिशवी भरली.

डहाणू रोडला उतरून एसटी पकडली. आशागड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना उंच पिवळं गवत सुरू झालं. गवतकापणीचे दिवस होते. तलासरीपासून पुढे पायवाट. चपला घट्ट हव्यात, एवढं आजही सांगेन.

जेवायला सुमतीने रत्नाकडे नेलं. रत्ना नवा सदस्य, सरपंचपदाला उभा राहणारा. त्याचा बाप गावचा जमीनदार असलेल्या शेठच्या शेतावर वेठीला राबत मेला होता. बायकोने, जानकीने, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. इतकं चविष्ट कालवण मी पुन्हा खाल्लं नाही. रत्ना खुशीत होता. "बाई, पेटीत मत टाकताना कोणी बघत नव्हता," तो सुमतीला म्हणाला. "म्हणून आलो निवडून."

दुसऱ्या दिवशी सभा भरली ती शेठच्याच ओसरीवर, कारण गावात दुसरी पक्की जागा नव्हती. शेठही सदस्य होता. तो आणि तालुक्याहून आलेला अधिकारी खुर्च्यांवर बसले. पाड्यावरचे सदस्य खाली अंगणात उकिडवे. अधिकारी म्हणाला, "अहो, वर या." कोणी हललं नाही. एकटा रत्ना पायऱ्या चढला.

"बस रे रत्ना," शेठ हसून म्हणाला, "आता तुमचंच राज्य!"

अंगणातलेही हसले. मला ते हसू सहन होईना.

मतदान हात वर करून होतं. शेठचं नाव पुकारलं तसे अंगणातले हात एकेक करून वर गेले. रत्नाचं नाव सुचवणारा सूचक, त्याचा सख्खा मेव्हणा, खाली मान घालून बसला होता. त्याचाही हात वर होता. रत्नाच्या नावाला फक्त रत्नाचा हात. अधिकाऱ्याने शेठचं अभिनंदन केलं. सगळं कायदेशीर.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवतकापणीला गेलेल्या अख्ख्या पाड्याला शेठच्या मुकादमाने परत पाठवलं. "तुमच्या त्या रत्ना सरपंचाकडे मागा काम," म्हणाला. माणसं रत्नाच्या दारात आली. मला वाटलं, धीर द्यायला. मेव्हणाच पुढे होता.

"तुला कोणी सांगितलं होतं वर चढायला?"

"तुम्हीच निवडलात ना मला?" रत्ना म्हणाला.

"निवडला तो रस्त्यासाठी, विहिरीसाठी. शेठशी भांडायला नाही."

जानकी मेव्हण्याकडे, म्हणजे स्वतःच्या भावाकडे, पाठ फिरवून आत गेली. तिने आतून दार लावून घेतलं.

परतीच्या एसटीत मी डहाणूपर्यंत सोडायला आलेल्या सुमतीवरच चिडले. "बोलली का नाहीस तू?" ती म्हणाली, "शाळाही शेठच्याच जागेत भरते."

घरी आले आणि कितीतरी दिवस भाषणांतला 'लोकशाही' हा शब्द ऐकला की ती ओसरी दिसायची. चूक पाड्याची, असं मला तेव्हाही म्हणवलं नाही. पोट ज्याच्या हातात, त्याच्यासमोर त्यांना हात वर करायला लावलं होतं. पण रत्नाचं काय?

सुमतीने पुढे सांगितलं, दुसऱ्या निवडणुकीलाही तो उभा राहायला निघाला होता. साऱ्या पाड्यांवर फिरला. त्याला सूचक मिळाला नाही.