बेरिलच्या हातातले गिअर

बेरिल बेडोजने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. लायसन्सचा विषय निघाला की ती म्हणे, "रस्त्यावर येडी माणसं काय कमी आहेत, त्यात माझी भर कशाला?" तरी मॉल्व्हर्नच्या टेकड्यांखालच्या आमच्या गावात विल्फ बेडोजच्या हिरव्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारचा प्रत्येक गिअर बेरिलच टाकायची.

विल्फ जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवणारा माणूस. जवळच्या एका छोट्या कारखान्यात स्पोर्ट्स कार हाताने बांधायचे, तिथलं सगळं कातडं त्याच्या सुईखालून जाई. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली. ती फिरवून हौस भागते न भागते तोच संधिवाताने डाव्या हाताची बोटं आत वळली. स्टिअरिंगला हात टेकवता येई, पण गिअरचा दांडा ढकलता येईना. त्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि स्वयंपाकघरात तोंड पाडून बसला. नवरा दिवसभर पायात पायात येतोय म्हटल्यावर बेरिलचं डोकं फिरलं.

"पाय धड आहेत ना तुझे?" ती म्हणाली. "मग क्लच तू दाब. शेजारी बसलं की दांडा माझ्याच हाताशी येतो, तो मी ओढते."

"तुला नाही जमायचं, म्हातारे."

"शाळेतल्या पोरांना जन्मभर डावाने बटाटा वाढलाय मी. मनगट बघ माझं."

ठरलं ते असं, की विल्फने क्लच दाबायचा आणि म्हणायचं, "आता." की बेरिलने गिअर टाकायचा. पहिले काही दिवस तो खडखडाट ऐकून पाद्रीबाबांचं कुत्रं कॉटखाली शिरत असे. मग हात बसला. एकच खोड राहिली. बेरिल बोलायला लागली की तिला भान नसे. चर्चखालच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत असायची आणि ही कुणाच्या तरी सुनेने लावलेल्या पडद्यांचं सांगत असायची.

"आता म्हटलं ना, बेरिल!"

"ऐकलं. वाक्य तर पुरं करू दे."

खाली बागेत काम करणारी माणसं तो आवाज ऐकून म्हणत, बेरिलची गोष्ट अजून संपली नाही वाटतं. आणि गिअर खाडकन आपटला की समजायचं, आज घरात काहीतरी बिनसलंय.

गॅरेजवाला रसेल विल्फला सांगून थकला होता, की आता ऑटोमॅटिक घ्या, एकट्याला चालवता येईल. विल्फ म्हणे, "ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार म्हणजे कुणीतरी चावून दिलेला घास. तुझा तूच खा." हे बोलायला ठीक होतं. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हात चांगला होता तेव्हा बेरिल कधी गाडीत बसायची नाही, वारा लागतो म्हणायची. आता दर रविवारी ती शेजारी असे. वर टेकडीवर गाडी लावून दोघं थर्मासमधला चहा पीत, चीज आणि लोणच्याची सँडविचेस खात. ऑटोमॅटिक घेतली असती तर ती घरी राहिली असती.

मग वसंतात बेरिलचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विल्फला बाजूला घेतलं नाही, दोघांनाही समोर बसवून सांगितलं. उन्हाळा जाईल, पुढचं सांगता येत नाही. घरी येईपर्यंत बेरिलने गिअर अगदी वेळेवर टाकले. एकदाही उशीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कोट चढवला. "चल रसेलकडे. ऑटोमॅटिक बघायची."

"कशाला? तू आहेस ना."

"नसेन तेव्हा?" बेरिल म्हणाली. "इथून दुकान केवढं लांब, बस कधी येते कधी नाही. ताडपत्री टाकून पुन्हा स्वयंपाकघरात बसशील. मला माहितेय तू कसा आहेस ते."

विल्फने त्या दिवशी हट्ट करायला हवा होता, असं त्याला पुढे फार वाटलं. पण तिला नाही म्हणायची सवय त्याला नव्हती. रसेलकडे एक निळी गाडी होती, तशीच दोन सीटांची, उघड्या टपाची. जुनी देऊन ती घ्यायची ठरली. रसेल लहानपणी बेरिलच्या हातचं शाळेत जेवलेला. तो अजून तिला मिसेस बेडोजच म्हणे. ती निळ्या गाडीत बसताना त्याने दार धरलं आणि दुसरीकडे बघितलं.

चढ लागला. विल्फचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला, पण या गाडीत क्लच नव्हताच. बेरिलचा हात दांड्याकडे गेला, तिथे घुटमळला. गिअर तेवढ्यात आपोआप पडला होता. तिने हात मांडीवर घेतला आणि बाहेर बघत राहिली. वरपर्यंत एक शब्द बोलली नाही. आपण बायकोच्या हातातलं काम काढून घेतलं, तेही तिच्याच सांगण्यावरून, हे विल्फला सहन होईना.

परत आल्यावर त्याने रसेलला विचारलं, "दांड्याच्या बाजूची ही खाच कसली?"

"दांडा त्यात सरकवला की गिअर आपण टाकायचे. एकदा पुढे ढकलला की वरचा. मग गाडी स्वतःहून काही करत नाही. पण तुमच्या हाताला कशाला तो त्रास?"

विल्फने तिला सांगून दांडा खाचेत सरकवून घेतला. "बाई, काम आहे तुम्हाला," तो म्हणाला. बेरिल हसली. त्या उन्हाळ्यात ती हसलेली त्याने पुष्कळ वेळा पाहिली, पण ते हसू त्याला जास्त आठवतं.

सप्टेंबरपर्यंत ती गिअर टाकत राहिली. पुढे पुढे मनगटात जोर उरला नाही, तरी हा दांडा हलका होता, दोन बोटांनी ढकलला जाई. पुन्हा बोलायलाही लागली. पुन्हा उशीर व्हायला लागला, आणि विल्फ मुद्दाम ओरडायचा. पानं गळायच्या आधी ती गेली.

त्यानंतर रविवारी चर्चखालच्या चढावर निळी गाडी किंचाळत जायला लागली. लोक म्हणाले, म्हातारा विसरतोय. रसेलला राहवलं नाही. एका रविवारी सकाळी तो विल्फच्या दारात जाऊन उभा राहिला आणि गाडीत त्याच्या शेजारी बसला.

"विल्फ, दांडा त्या बाजूच्या खाचेतून काढून सरळ ठेवा. गाडीच करेल सगळं. असंच चालवलंत तर इंजिन जाईल एक दिवस. तुम्हाला एकट्याला फिरता यावं म्हणून तर मिसेस बेडोजनी ही घ्यायला लावली."

विल्फने मुठीने दांडा बाजूच्या खाचेत सरकवला आणि गाडी काढली. चढ लागला. गाडी दुसऱ्यात होती, आवाज वाढत गेला. चर्चच्या वळणावर विल्फचा डावा पाय जागच्या जागी दाबला गेला, आणि तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आता."

इंजिन किंचाळत होतं. रसेलने थोडा वेळ वाट पाहिली, मग हात दांड्याकडे नेला. विल्फने वळलेल्या बोटांचा आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

"राहू दे, रसेल," तो म्हणाला. "बोलत असेल कुणाशी तरी."