भाजलेल्या कैरीचा वास

आज पन्ह्यासाठी गॅसवर कैरी भाजताना वास आला आणि कोराडीच्या कॉलनीतली मे महिन्यातली ती दुपार आठवली. मला ऊन लागून ताप चढला होता, आई ड्युटीवर गेली होती. शेजारच्या काकूंनी अंगणातल्या आंब्याच्या कैऱ्या भाजल्या आणि त्यांचा गर माझ्या तळपायांना चोळायला बसल्या. त्यांची मुलगी आदल्या उन्हाळ्यात उष्माघातानं गेली होती. चोळता चोळता त्या मला तिच्याच नावानं हाक मारू लागल्या. "डोळे उघड वं, आता तुले जाऊ नाही देत." मी घाबरून गप्प पडून राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा खोलीत बारीक आवाजात "ओ" ऐकू आली. काकू समाधानानं हसल्या. संध्याकाळपर्यंत माझा ताप उतरला. तो आवाज माझाच होता, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण माझे ओठ तेव्हा घट्ट मिटलेले होते.